माजी महिला सैनिक, लैंगिक अत्याचार आणि सुरक्षित घर : नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आम्हाला देवळाली कॅम्प, नाशिकरोड, जेलरोड, उपनगर या भागातनं येतात, कधी सिन्नर-निफाड-येवल्याकडनं फोन येतो, आणि बऱ्याचदा प्रश्न "माझी एक मैत्रीण आहे, तिच्यासाठी विचारतेय" असाच सुरू होतो. आम्ही म्हणजे काही बायका, कुणी लष्करी नर्सिंगमधून रिटायर झालेली, कुणी काउन्सेलर, कुणी जवानाची बायको. सैन्यात लैंगिक अत्याचार झालेल्या माजी महिला सैनिकांना सुरक्षित घर, म्हणजे सपोर्टिव्ह हाउसिंग, मिळावं म्हणून आमची धडपड आहे. आमचं स्वतःचं घर अजून चालू नाहीये, सोबत जाणं, कागद लावणं, खोली शोधणं एवढं करतो. मैत्रिणीसाठी विचारताय की स्वतःसाठी, ते आम्ही विचारत नाही.

मला आज रात्रीच बाहेर पडायचंय. कुठे जाऊ?

जिवाला धोका असेल तर ११२. तेवढं नसेल पण राहायला जागा हवीये तर १८१, ही महिलांची हेल्पलाइन आहे, तिथून सखी वन स्टॉप सेंटरशी जोडून देतात. तिथे साधारण ५ दिवस राहता येतं, डॉक्टर, पोलीस, वकील, काउन्सेलर एकाच ठिकाणाहून मिळवून देणं हे त्यांचं काम आहे.

घटना आत्ताची असेल तर दवाखान्यात जायला उशीर करू नका. एचआयव्ही टाळायचं औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, गर्भ राहू नये म्हणूनची गोळी जितकी लवकर तितकी चांगली. सरकारी असो की खाजगी, कुठल्याही हॉस्पिटलला अशा बाईवर लगेच आणि फुकट प्राथमिक उपचार करावेच लागतात, पैसे भरा मग बघू असं म्हणता येत नाही. हॉस्पिटल पोलिसांना कळवेल, तो त्यांच्यावर कायद्याचा बोजा आहे, पण तपासणी करू द्यायची की नाही ते तुम्ही ठरवायचं, आणि तक्रार नाही दिली म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. त्या वेळचे कपडे धुवू नका, जमलं तर कागदी पिशवीत ठेवा, आणि धुतले असतील तरी जा.

सोबत घ्यायचं तर आधार, डिस्चार्ज बुक, पेन्शन असेल तर पीपीओ (पेन्शनचा आदेश), ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड, बँकेचं पासबुक, रोजची औषधं, चार्जर. नाही घेता आलं तरी निघा, कागद नंतर काढता येतात.

सपोर्टिव्ह हाउसिंग म्हणजे आश्रमच ना?

नाही. आश्रमात किंवा निवारागृहात तुम्ही दाखल होता. इथे तुम्ही भाडेकरू असता, खोली तुमची, किल्ली तुमची, लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर नाव तुमचं, आणि त्याला जोडून एक माणूस असतो जो उपचार, कागदपत्रं, नोकरी, कोर्ट यात तुम्हाला हवं तेव्हा, हवं तेवढं मदत करतो. ती मदत घेतली नाही म्हणून खोली जात नाही. आम्ही गेली काही वर्षं ज्याला भेटू त्याला हेच सांगतोय, की घर हे चांगलं वागल्याचं बक्षीस नाही आणि तक्रार केल्याचा मोबदला पण नाही. आधी दाराची कडी, मग बाकी सगळं.

असं उलट्या क्रमानं करायची कल्पना न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली रस्त्यावर राहणाऱ्या मानसिक आजारी लोकांसाठी वापरली गेली, हाउसिंग फर्स्ट म्हणतात तिला. त्याआधी रीत अशी होती की आधी दारू सोडा, औषधं घ्या, मग घर देऊ. पण उघड्यावर झोपणारा माणूस औषधाच्या वेळा कुठून पाळणार.

माजी सैनिक बाईला वेगळं घर कशाला? महिला वसतिगृहं आहेत की.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा भल्या माणसांकडून येतो, म्हणून नीट सांगते.

शहरात ऑफिसात एखाद्या बाईवर प्रसंग आला तर ती संध्याकाळी घरी जाते, घर ऑफिसचं नसतं. सैन्यात काम, क्वार्टर, मेस, दवाखाना, कॅन्टीन, शेजारी सगळं एकाच कुंपणाच्या आत असतं. ज्यानं केलं तो वरिष्ठ असेल तर तोच सुट्टी मंजूर करतो, तोच वार्षिक रिपोर्ट लिहितो, संध्याकाळी त्याचीच बायको लेडीज क्लबच्या कार्यक्रमात शेजारी बसलेली असते. आजारी म्हणून एमएचला, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलला, गेलं तर युनिटला कळतं. आणि नोकरी सोडली की ठराविक मुदतीत क्वार्टर खाली करावं लागतं, म्हणजे तिथून सुटायचं तर घरही सोडायचं.

मग गावी जायचं. गावात ती कोण असते? वेशीवर जिचा फ्लेक्स लागला होता, शाळेत पंधरा ऑगस्टला जिच्या हस्ते झेंडा लावला होता, ती. तिला पहिल्याच दिवशी चौकात विचारतात, काय ताई, सुट्टीवर का, किती दिवस? ती काय सांगणार. एका ताईनं सांगितलं की तिचं सकाळी दूध आणायला जाणंच बंद झालं होतं, कारण डेअरीवर रोज तोच प्रश्न.

साध्या वसतिगृहाची अडचण अजून वेगळी आहे. रात्री साडेनऊला हजेरी, कधीही रूम चेकिंग, रेक्टरबाईचा चढलेला आवाज, दाराला आतून कडी लावायची नाही असा नियम. दुसऱ्या मुलीला हे नुसतं कटकटीचं वाटेल. हिला मात्र बराकीतली ती रात्र आठवते. त्यातून कठीण प्रशिक्षण घेतलेली बाई, तिला रडता येत नाही, मदत मागणं म्हणजे कमीपणा असं अंगात मुरलेलं, त्यामुळे इतर बायकांच्या गटात बसली तरी ती तिथेही सगळ्यांची काळजी घेत बसते आणि स्वतःबद्दल चकार शब्द काढत नाही.

पण भारतात सैन्यात बायका आहेतच किती?

लष्करी नर्सिंग आणि डॉक्टर म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १९९२ पासून इतर शाखांत अधिकारी म्हणून घ्यायला लागले. १७ फेब्रुवारी २०२० ला सुप्रीम कोर्टानं महिला अधिकाऱ्यांना परमनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, देण्याचा निकाल दिला. मिलिटरी पोलीसमध्ये जवान म्हणून मुलींची पहिली तुकडी मे २०२१ ला बंगळुरूहून बाहेर पडली, नौदलाच्या पहिल्या अग्निवीर तुकडीत २७३ मुली होत्या, त्या मार्च २०२३ ला चिल्काहून बाहेर पडल्या. आणि एप्रिल २०२३ मध्ये तोफखान्यात पहिल्यांदा ५ महिला अधिकारी आल्या, देवळालीकरांना याचं वेगळं कौतुक, कारण तोफखान्याचं स्कूल आपल्याच इथे.

आता पुढचं बघा. शॉर्ट सर्व्हिसवाली अधिकारी १० किंवा १४ वर्षांनी बाहेर पडते, तिला पेन्शन नाही. कायम न झालेली अग्निवीर मुलगी ४ वर्षांनी, पंचविशीच्या आतबाहेर परत येते, तिला सेवानिधीची रक्कम मिळते पण पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. यातल्या कुणावर असा प्रसंग आलेला असेल तर ती कुठल्या दारावर जाणार याचा विचार आत्ताच करायला हवा, म्हणून हे पान.

अमेरिकेत यासाठी काय करतात? तिथलं इथे चालेल का?

तिथे माजी सैनिकांचं वेगळं खातं आहे, व्हेटरन्स अफेअर्स, त्यांचे स्वतःचे दवाखाने आहेत. १९९२ च्या कायद्यानं तिथे सैन्यातल्या लैंगिक अत्याचारावर समुपदेशन द्यायला सुरुवात झाली. आज त्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारतात, आणि साधारण ३ पैकी १ महिला आणि ५० पैकी १ पुरुष हो म्हणतो. हा आकडा दवाखान्यात आलेल्यांचा आहे, सगळ्या सैन्याचा नाही, हे लक्षात ठेवा, लोक फॉरवर्ड करताना तेवढंच गाळतात.

मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते की उपचार फुकट असतात आणि त्यासाठी तेव्हा तक्रार केली होती का, पुरावा आहे का, हे काहीच लागत नाही. बाईनं सांगितलं, पुरे.

घरासाठी त्यांच्याकडे एक योजना आहे ज्यात गृहनिर्माण खातं भाड्याचं व्हाउचर देतं आणि व्हेटरन्स अफेअर्स एक केस मॅनेजर देतं, म्हणजे भाडं एकाकडून, आधार दुसऱ्याकडून. पण तिथेही सगळं आलबेल नव्हतं. २०११ साली अमेरिकन संसदेसाठी सरकारी हिशेब तपासणाऱ्या ऑफिसनं पाहणी केली तेव्हा दिसलं की बेघर माजी महिला सैनिकांना घेणाऱ्या तात्पुरत्या निवासांपैकी ६० टक्क्यांहून जास्त ठिकाणी मुलांना घेतच नव्हते, आणि पुरुषांसोबतच्या मिश्र निवासात सुरक्षेची भीती होती. म्हणजे जिच्यावर पुरुष सहकाऱ्यानं अत्याचार केला तिला परत पुरुष माजी सैनिकांच्याच मजल्यावर खोली. तिथली चूक आपण इथे परत करू नये एवढंच वाटतं.

इथे तसंच्या तसं नाही चालणार. आपल्याकडे एकटी बाई भाड्यानं राहणं हीच पहिली लढाई आहे, व्हाउचर हातात असलं तरी घरमालक "फॅमिलीलाच देतो" म्हणणार.

नाशिकमध्ये आज नक्की काय मिळू शकतं?

खरं सांगायचं तर तुकडे मिळतात, ते आपण जोडायचे.

पहिले ५ दिवस वन स्टॉप सेंटर. त्यानंतर महिला व बालविकास खात्याचं शक्ती सदन, हे आधीच्या स्वाधार आणि उज्ज्वला योजना एकत्र करून २०२२ पासून मिशन शक्तीखाली आणलंय. ते अडचणीतल्या सगळ्या बायकांसाठी आहे, माजी सैनिक म्हणून वेगळी सोय त्यात नाही. नोकरी असेल तर सखी निवास किंवा दुसरं वर्किंग वुमन हॉस्टेल, तिथे उत्पन्नाची अट असते. जागा आहे का हे आधी फोनवर विचारूनच निघा, बॅग घेऊन दारातनं परत यायची वेळ येऊ नये.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिक म्हणून नाव नोंदवलेलं असेल तर मदतनिधीचे अर्ज तिथून जातात. २०२५ पासून सैनिक बोर्डांमध्ये फुकट कायदेशीर मदतीची केंद्रं सुरू करायची योजना राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं आणलीय, त्याचीही चौकशी तिथेच करा. तिथे गेल्यावर सगळी कथा काउंटरवर उभं राहून सांगायची गरज नाही. "घरगुती अडचण आहे, राहण्याची सोय हवीये" एवढं पुरतं, पुढचं बंद दाराआड आणि शक्यतो बाईमाणसाशी.

मनाचा त्रास खूप होत असेल, झोप नाही, जीव नकोसा वाटतोय, तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास आणि मराठीत बोलता येतं. सैन्यातल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीत (लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात) टेली-मानसचा वेगळा कक्ष आहे. आता काही जणींना सैन्याशी संबंध असलेल्या कुणाशीच बोलायचं नसतं, त्यांनी सरळ १४४१६ लावून तसं सांगावं.

मी तेव्हा तक्रार केली नव्हती. आताही करायची नाहीये. तरी मदत मिळेल?

हो. राहण्याची सोय, काउन्सेलिंग, वकिलाचा सल्ला यातल्या कशालाही एफआयआर लागत नाही. एफआयआर लागतो तो मनोधैर्य या राज्य सरकारच्या अत्याचारग्रस्तांसाठीच्या योजनेच्या आर्थिक मदतीला.

कुणी संस्थेनं "आधी केस करा मग ठेवून घेऊ" म्हटलं तर त्यांचा हेतू चांगला असेलही, पण तिथून निघा. जिच्या मनाविरुद्ध एकदा सगळं झालंय तिच्याकडून परत मनाविरुद्ध काही करून घेणं म्हणजे मदत नव्हे.

आणि करायची ठरवली तर?

आधी वकील. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी फुकट वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं, त्यासाठी जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण किंवा १५१०० हा नंबर. सैन्याचे कायदे माहीत असलेला वकील मागा, कारण इथे गुंता आहे.

गुंता असा की आर्मी ॲक्टप्रमाणे सैन्याबाहेरच्या व्यक्तीवर सैनिकानं बलात्कार केला तर केस सहसा नेहमीच्या कोर्टात जाते, अॅक्टिव्ह सर्व्हिस (युद्ध किंवा मोहिमेवर असणं), परदेश, सीमेवरची चौकी असे अपवाद सोडून. पण बाई स्वतःच सैन्यात होती तर कोर्ट मार्शलही होऊ शकतं. कोर्ट मार्शलला सर्वसाधारण ३ वर्षांची मुदत असते. नेहमीच्या फौजदारी कायद्यात बलात्काराच्या तक्रारीला अशी मुदत नाही, १० वर्षांनीही देता येते, उशीर का झाला हे विचारतील एवढंच. १ जुलै २०२४ च्या आधीची घटना असेल तर जुनं आयपीसी लागू, नंतरची असेल तर भारतीय न्याय संहिता.

घटना जम्मूत झाली असेल किंवा आसामात, तरी एफआयआर नाशिकमध्ये देता येतो, झिरो एफआयआर म्हणतात, पुढे तो तिकडे पाठवतात. "आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर घेऊन परत येऊ नका. जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो. आणि तुमचं नाव, फोटो, गाव, ओळख पटेल असं काहीही छापणं हा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ७२, नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणाऱ्यालाही हे दाखवा.

बलात्काराखेरीज कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ असेल तर २०१३ च्या कायद्याखाली समितीकडे ३ महिन्यांत तक्रार द्यायची असते, समिती कारण पटलं तर अजून ३ महिने वाढवून देऊ शकते. सर्व्हिसमध्ये असताना हे वाचत असाल तर ही तारीख आजच मोजा.

टू-फिंगर टेस्टला, म्हणजे योनीत दोन बोटं घालून करायच्या तपासणीला, सरळ नाही म्हणा. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२२ मध्ये ती करणाऱ्यावर गैरवर्तनाची कारवाई होईल असं सांगितलंय.

भाड्याचं घर बघताना काय बघायचं?

यावर मी तासभर बोलू शकते.

दाराला आतून कडी हवी, वरून आणि खालून बोल्ट, साखळी, आणि मॅजिक आय. बाथरूमच्या दाराची कडी हलवून बघा, नाशिकच्या जुन्या बिल्डिंगीत ती बहुतेक ढिली असते, पन्नास रुपयांची गोष्ट आहे पण तिच्यावाचून बाई आंघोळ करू शकत नाही. कुलूप राहायला जायच्या दिवशी नवीन बसवून घ्या आणि दुसरी किल्ली कुणाकडे आहे हे घरमालकाला स्पष्ट विचारा, करारात लिहून घ्या की न सांगता आत यायचं नाही. बेड असा लावा की पडल्या पडल्या दार दिसेल. ज्या ताई दाराला कॉट लावून झोपायच्या त्यातल्या एकीनं बोल्ट बसवल्यावर काही आठवड्यांनी कॉट स्वतःच भिंतीकडे सरकवली, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

जिन्यात दिवा हवा, पार्किंगमध्ये अंधारा कोपरा नको. तळमजला टाळा, पण एकदम वरचा रिकामा मजलाही नको, समोरच्या दाराशी चपला दिसतायत असा मजला बरा. सिटीलिंक बसचा स्टॉप चालत जाता येईल एवढा हवा, रात्री रिक्षावर अवलंबून राहायला नको.

आणि वॉचमन. नाशिकमध्ये सिक्युरिटीत खूप माजी जवान आहेत, चांगली माणसं आहेत, गेटवर कडक सॅल्यूट ठोकतात, काहींचा ड्रेस कॉम्बॅटसारखा असतो, बूट वाजतात. घर चांगलं, भाडं परवडणारं, आणि गेटवरचा तो सॅल्यूट बघून ताई तिथूनच परत फिरली असं झालंय. म्हणून घर दिवसा एकदा आणि रात्री आठनंतर एकदा बघा, गेटवर कोण असतं ते बघा.

कॅम्पाजवळ घर घ्यावं का? सगळ्या सोयी तिथेच आहेत.

कॅन्टीन, पॉलिक्लिनिक, ओळखीची माणसं, हे खरं. पण फायरिंग रेंजचा आवाज लांबवर येतो, आणि रस्त्यात, भाजीत, बँकेत युनिफॉर्म भेटतो. काही जणींना त्यातच बरं वाटतं, ते त्यांचं जग आहे आणि ते त्यांनी का सोडायचं. काही जणींना नाशिकरोडचा पूल ओलांडून पलीकडे गेल्याशिवाय श्वास येत नाही, त्यांना आम्ही म्हसरूळ, पाथर्डी फाटा, गंगापूर रोडकडे बघायला सांगतो. ठरवायच्या आधी तिथे एक रात्र कुणाकडे राहून बघता आलं तर उत्तम. फटाके, मिरवणुकीचे ढोल, डीजे यांचाही विचार करा, आणि २०२७ च्या सिंहस्थाची गर्दी सहन होणार नाही असं वाटत असेल तर पंचवटीत घर घेऊ नका.

मला रात्री पिल्याशिवाय झोप लागत नाही. मला कुणी ठेवून घेईल का?

लपवू नका, आणि लाजू पण नका. झोप येत नाही म्हणून रम सुरू होते, मग रमच सुटत नाही, हे इतकं सर्रास आहे की काउन्सेलरला नवल वाटणार नाही. बऱ्याच निवासांत दारू चालत नाही, हा त्यांचा नियम आहे. म्हणून आम्ही अशा ताईंसाठी निवासापेक्षा स्वतःच्या खोलीचा आग्रह धरतो. एक मात्र सांगते, रोज खूप पीत असाल तर एकदम बंद करू नका, त्यात फिट येऊ शकते, डॉक्टरच्या देखरेखीखालीच कमी करा.

काउन्सेलिंगमध्ये सगळं परत सांगावं लागतं का?

लगेच नाही. सुरुवातीचे काही आठवडे झोप, श्वास, दचकणं, आज काय खाल्लं, एवढ्यावरच जातात. सीपीटी नावाची एक पद्धत आहे ज्यात "माझीच चूक होती", "मी ओरडले का नाही" असे विचार कागदावर घेऊन तपासतात. घटनेला हळूहळू सामोरं जायची दुसरी पद्धत आहे. दोन्ही ठरावीक बैठकांच्या असतात, वर्षानुवर्षं चालत नाहीत. ओरडणं झालं नाही कारण अंग थिजतं, ते शरीराचं काम आहे, ट्रेनिंग घेतलेल्या सैनिकाचंही थिजतं.

डॉक्टर पटला नाही तर बदला. मानसिक आरोग्य कायदा २०१७ नं तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला आहे.

मुलं सोबत आहेत.

मुलींना बहुतेक ठिकाणी घेतात, मुलग्यांना वयाची अट असते, ती फोनवरच विचारा. मुलगा मोठा असेल तर भाड्याची खोलीच बघा, मायलेकरांची ताटातूट करून कुठलीही सोय घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

घरच्यांना काय सांगू? नवऱ्याला माहीत नाहीये.

सांगायलाच हवं असं नाही. सांगायचं ठरलं तर आधी एकाच माणसाला सांगा, जो पुढे पसरवणार नाही, बहीण, आत्या, जुनी मैत्रीण, आणि पूर्ण कथा नको, "माझ्यावर सर्व्हिसमध्ये एक वाईट प्रसंग आला, मला काही महिने वेगळं राहायचंय, मला प्रश्न विचारू नका" इतकं. आणि हे वाचणाऱ्या आईवडिलांनो, तुमची मुलगी वर्दी घालून गेली तेव्हा तुम्ही पेढे वाटले, आता ती परत आलीये तर तिला चहा द्या, शेजारी बसा, आणि "पण तू तिथे गेलीसच कशाला रात्री" हे वाक्य तोंडातनं येऊ देऊ नका. ते एक वाक्य ती मरेपर्यंत विसरत नाही.

पैसे नाहीत. डिपॉझिट कसं भरू?

पेन्शन असेल तर बँकेत बघा की ते कुणाच्या जॉइंट खात्यात जातंय, तुमच्या एकटीच्या खात्यात वळवून घ्या, हे पहिलं काम. सर्व्हिसमध्येच मनाचा आजार सुरू झाला असेल तर रिलीज मेडिकल बोर्डाचे, म्हणजे नोकरी सोडतानाच्या वैद्यकीय तपासणीचे, कागद शोधा, डिसॅबिलिटी पेन्शनचा दावा नाकारला असेल तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं खंडपीठ मुंबईत आहे, तिथे जाता येतं. मनोधैर्य योजना महाराष्ट्रात २०१३ पासून आहे, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून. हे सगळं वेळ खातं, म्हणून डिपॉझिट हप्त्यानं घेणारा घरमालक शोधणं यात आमचा बराचसा वेळ जातो.

माझ्या फ्लॅटमध्ये अशी भाडेकरू ठेवली तर सोसायटीत काय सांगायचं?

सांगायचं की भाडेकरू आहे. करार रजिस्टर करा, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला नेहमीसारखी द्या, त्यात तिचा इतिहास लिहायची जागा नसते आणि तुम्हीही लिहू नका. सेक्रेटरीनं "एकटी का" विचारलं तर "तिला विचारा" असंही म्हणू नका, तिथेच विषय संपवा.

मी पुरुष आहे, माजी सैनिक आहे. माझ्यावरही झालंय.

तुमच्यावर विश्वास आहे. टेली-मानस तुमच्यासाठीही आहे. नव्या न्याय संहितेत जुनं कलम ३७७ आलेलं नाही आणि बलात्काराची व्याख्या फक्त बाईवरच्या अत्याचाराची आहे, त्यामुळे कायद्याची वाट अवघड झालीये, वकिलाशी बोलूनच पाऊल टाका. राहायची सोय मात्र वेगळी हवी, बायकांच्या घरात नाही.

आम्हाला मदत करायचीये. काय देऊ?

जुन्या साड्या नकोत, खरंच नकोत. बदली झाली म्हणून फ्लॅट रिकामा होत असेल तर घरमालकाशी गाठ घालून द्या. सुतार, इलेक्ट्रिशियन असाल तर एक बोल्ट, एक जिन्यातला दिवा बसवून द्या, येताना आधी फोन करून आणि सोबत एखादी बाई घेऊन. वकील असाल तर महिन्यातली एक दुपार. कॅम्पातल्या बायकांनो, तुमच्या ओळखीतली एखादी ताई अचानक दिसेनाशी झाली असेल, कार्यक्रमांना येत नसेल, तर तिला फोन करा आणि कारण न विचारता भाजीला सोबत येतेस का एवढं विचारा. घर चालवायचाच विचार असेल तर आधी धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टची नोंदणी, जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांशी चर्चा, आणि आत उपचार देणार असाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी बघून घ्या. नाहीतर वर्षभरात घर बंद पडतं आणि आतल्या बायका परत रस्त्यावर येतात.